मांजरीचं ऑपरेशन : पाप की जयणा?



आज जरा अवघड विषय घेतेय. घरच्या मांजरीला पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करावं की नाही? आपल्या जैन घरांत हा प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही. पापडाच्या लाट्या करताना, उपाश्रयातून परतताना हळू आवाजात विषय निघतो आणि “जाऊ दे बाई, आपल्याला कशाला ते पाप” म्हणून तिथेच संपतो. मांजर मात्र तिथे थांबत नाही. ती दोन महिन्यांनी पुन्हा विते.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ऑपरेशन करावं. वेळेत करावं, चांगल्या डॉक्टरकडून करावं, आणि ते जीवदयेचंच काम आहे असं समजून करावं. असं का म्हणते, ते आता सविस्तर सांगते. पटलं नाही तर वाद घाला, पण विषय अर्धवट सोडू नका.

आमचं वडखळ तुम्हाला ठाऊक असेलच. मुंबईहून गोव्याकडे जाताना अलिबागचा रस्ता फुटतो तेच हे गाव. नाका, हॉटेलं, किराण्याची दुकानं, मागे भाताची शेतं, पुढे धरमतरची खाडी. शेजार बहुतेक आगरी-कोळी. सकाळी मासळीचा बाजार भरतो, दुपारी सुकटीचा वास. आता अशा गावात मांजरं नसतील तर कुठे असतील? दुकानात धान्य आहे म्हणून उंदीर, उंदीर आहेत म्हणून मांजर. आमच्यासारख्या घरात तिला दूध-पोळी मिळते, पलीकडच्या घरी मासळीची डोकी मिळतात. ती कोणाची, हे विचारलं तर कोणाचीच नाही आणि सगळ्यांची.

ती व्याली की सगळ्यांना कौतुक. गोणपाटावर चार कापसाचे गोळे, डोळे मिटलेले. मुलं दिवसभर तिथेच. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात, महिन्याभरात धावपळ सुरू. आणि मग? दोन महिन्यांची झाल्यावर ती पिल्लं कुठे जातात, याचा हिशेब आपण कधी ठेवतो का?

मी ठेवते. कॉमर्सची पदवी घेतली, नोकरी कधी केली नाही, पण जमाखर्च लिहायची सवय काही गेली नाही. एखादं पिल्लू कोणी घेऊन जातं, तेही बोका असेल तर. “भाटी नको हो, ती विते,” असं म्हणून मादी पिल्लू परत येतं. एखादं महामार्गावर जातं. एखाद्याला कुत्री फाडतात. एखाद्याला परका बोकाच मारून टाकतो, कारण पिल्लं गेली की आई लवकर माजावर येते. पावसाळ्यात भिजून, सर्दीने डोळे चिकटून, जुलाब होऊन बाकीची जातात. आणि जी उरतात त्यांना कोणीतरी संध्याकाळी गोणीत घालून “लांब सोडून” येतं.

या “सोडून येणं”बद्दल मला जरा बोलायचं आहे. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगत. त्या धाकाने मांजर कोणी मारत नाही. सोडून येतात. पण पाच आठवड्यांचं पिल्लू, ज्याला अजून धड शिकार येत नाही, ते खाडीकाठी किंवा परक्या बाजारात सोडलं तर काय होणार हे सोडणाऱ्याला माहीत नसतं का? माहीत असतं. फक्त डोळ्यांसमोर घडत नाही एवढंच. मरण आपल्या हातून न होता आपल्या पाठीमागे झालं म्हणजे कर्म लागत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? कायद्यातही तसं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणून कोणी त्याला घाबरत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी मांजरीचं शरीर समजून घेऊ

बऱ्याच जणींना वाटतं, वर्षातून एकदा विणार, त्यात काय एवढं. तसं नाही. मादी पिल्लू चार ते सहा महिन्यांचं झालं की माजावर येऊ शकतं. म्हणजे अजून ते स्वतःच पिल्लू असतं, आणि गाभण राहतं. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेळी तीन ते पाच पिल्लं. मांजरीचं बीज बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे संग झाला की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी. एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून एक पांढरं, एक वाघासारखं, एक काळं. अंगावर पिणारी पिल्लं असतानाही ती पुन्हा माजावर येते, “दूध पाजतेय तोवर काळजी नाही” हा आपला बायकांचा ठोकताळा तिला लागू नाही. आणि बाईसारखी तिची पाळी कधी जातही नाही. म्हातारी होईपर्यंत ती वीत राहते. आमच्याकडे होळीच्या आसपास एक वीण दिसते, पावसात दुसरी, आणि कधीकधी दिवाळीनंतर तिसरी.

आता वही उघडते. मुद्दाम हात आखडून हिशेब करू. एक मांजर, वर्षाला दोनच विणी, दर विणीत चार पिल्लं. त्यातली निम्मी मरतात असं धरू. उरलेल्यांत निम्म्या माद्या, आणि त्या पुढच्या वर्षापासून वितात.

पहिलं वर्ष : जन्म ८, मृत्यू ४. आई धरून माद्या ३.
दुसरं वर्ष : जन्म २४, मृत्यू १२. माद्या ९.
तिसरं वर्ष : जन्म ७२, मृत्यू ३६. माद्या २७.

तीन वर्षांची बेरीज : जन्म १०४, मृत्यू ५२. आणि जिवंत मांजरं ५३.

हा कागदावरचा हिशेब आहे. गल्लीत ५३ मांजरं काही दिसत नाहीत, कारण तेवढ्यांना पुरेल असं अन्नच गल्लीत नाही. मग जी दिसत नाहीत ती गेली कुठे? मृत्यूच्या रकान्यात. म्हणजे खरा आकडा ५२ च्या पुढे कुठेतरी असणार. आता याच मांजरीचं ऑपरेशन तिच्या पहिल्या विणीच्या आधी झालं असतं तर? जन्माच्या रकान्यात शून्य, आणि मृत्यूच्याही रकान्यात शून्य. मला तरी या शून्याइतका समाधानाचा आकडा दुसरा दिसत नाही.

आता धर्माचं बोलू

इथे घाईने पुढे जाणं बरोबर होणार नाही, कारण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्या जाणतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. जनावराचं अंग छेदणं हा त्यातलाच एक. पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म आहे, म्हणजे जनावरांना खच्ची करणं, त्यांचे अवयव कापणं. वंदित्तू सूत्रात आपण हे दर प्रतिक्रमणाला म्हणतो. त्यामुळे एखादी सासूबाई “हे आपल्यात चालत नाही” म्हणाल्या तर त्या अडाणी नाहीत. त्यांनी सूत्र ऐकलेलं आहे.

पण त्याच गाथेत थोडं पुढे आणखी एक कर्मादान आहे, असतीपोषण. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना पैशासाठी पाळल्या जाणाऱ्या जीवांची नावंच दिली आहेत. मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर आणि त्यात मांजरही आहे. म्हणजे मांजराची पैदास करून पैसा करणं हेही तितकंच वर्ज्य. हल्ली लांब केसांची महागडी मांजरं विकत आणायची आणि त्यांची पिल्लं विकायची असा धंदा शहरातच नाही, आपल्या रायगडातही सुरू झालाय. निर्लांछनावर बोट ठेवणाऱ्यांनी शेजारच्या असतीपोषणावरही बोट ठेवावं, एवढंच माझं म्हणणं.

मला समजतं ते असं. कर्मादान म्हणजे ज्यातून कर्मं भरभरून येतात असे धंदे. बैल गाडीला जुंपायचा, नांगराला जुंपायचा, तो शांत राहावा म्हणून त्याला खच्ची करायचं. तेही त्या काळी दगडाने ठेचून, जिवंतपणी, भूल न देता. त्यात फायदा माणसाचा आणि वेदना जनावराची. मांजरीच्या ऑपरेशनात माझा काय फायदा? मी तिला कशाला जुंपणार आहे? ते भूल देऊन होतं, वेदनेवर औषध दिलं जातं, आणि त्यातून तिचं स्वतःचं दुखणं कमी होतं.

तरीसुद्धा ऑपरेशन म्हणजे अहिंसा असं मी म्हणणार नाही. सुरी लागते, रक्त निघतं, दोन दिवस ती मलूल असते. ती हिंसाच आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या बाजूला काय आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्राण घेण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे. बेफिकिरीने, विकाराने प्राणांचा घात होतो ती हिंसा. दर सहा महिन्यांनी चार जीव माझ्या ओसरीवर जन्मणार, त्यातले दोन-तीन हाल होऊन मरणार, हे मला पक्कं माहीत आहे. थांबवण्याचा उपाय माहीत आहे. आणि तरी मी “निसर्ग बघून घेईल” म्हणून बसते. याला प्रमाद नाही तर काय म्हणायचं?

आणि आपल्या स्वयंपाकघरात आपण रोज काय करतो? पाणी गाळतो, उकळतो. भांडी ओली ठेवत नाही. उष्टं रात्रभर राहू देत नाही. तांदळाला बोरिक लावायचं की एरंडेल, यावर चर्चा करतो. डाळींना ऊन देतो. पावसाळ्यात पालेभाजी बंद ठेवतो. हे सगळं कशासाठी? जीव उत्पन्न होऊ नयेत, म्हणजे ते आपल्या हातून मरणार नाहीत. पोरकिडे झाल्यावर त्यांना हळूच वेचून बाहेर सोडणारी बाई दयाळू खरी, पण पोरकिडे होऊच दिले नाहीत ती जास्त सावध. याला आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, जयणा. जो जीव जन्मला की हालातच मरणार, त्याच्या जन्माची कारणं आधीच टाळायची. डाळीच्या डब्याला जी जयणा आपण लावतो ती ओसरीवरच्या मांजरीला लावायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट आपण जैनांनी तरी विसरू नये. मांजर हा पक्का मांसाहारी जीव आहे. तो त्याचा स्वभाव, त्यात त्याचा दोष नाही. केवळ दूध-पोळीवर मांजर निरोगी राहत नाही, टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना तर दूधही पचत नाही. म्हणजे जगणारं प्रत्येक मांजर उंदीर, चिमण्या, खारी, पाली, सरडे खाणार. पाच मांजरं असतील तर पाचांच्या वाटचे, पन्नास असतील तर पन्नासांच्या वाटचे. मांजरं कमी जन्मली तर त्यांचे हाल तर टळतातच, शिवाय त्यांच्या तोंडी जाणारे शेकडो छोटे जीवही वाचतात. ही बाजू हिशेबात कोणी धरत नाही.

नेहमीचे आक्षेप

“तिचं आईपण कशाला हिरावून घ्यायचं?” हा प्रश्न विचारणारी बहुधा स्वतः आई असते, म्हणून त्यात माया असते. पण मांजरीला आईपणाची स्वप्नं पडत नाहीत. माजावर आल्यावर तिची तगमग होते, ती रात्ररात्र ओरडते, ती शरीराची ओढ असते. ऑपरेशनानंतर ती ओढच राहत नाही. उलट आईपण हिरावलं जातं कधी, तर तिच्या नकळत पिल्लं उचलून नेली जातात तेव्हा. मग ती दोन-तीन दिवस कोपरान् कोपरा हुंगत फिरते. ते हाक मारणं ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

“एक वीण तरी होऊ द्यावी, तब्येतीला बरं असतं.” याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका फार कमी होतो, आणि मांजरीतल्या या गाठी बहुधा कॅन्सरच्या असतात. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो, कारण गर्भाशयच राहत नाही.

“माजावर येऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी देतात की!” देतात. हार्मोनची ती औषधं वारंवार दिली तर नेमके हेच दोन आजार, गर्भाशयात पू आणि स्तनात गाठी, ओढवू शकतात. स्वस्त म्हणून या वाटेने जाऊ नका.

“मग ती उंदीर धरणार नाही, लठ्ठ होईल.” शिकारीचा गर्भाशयाशी संबंध नाही. लठ्ठपणा मात्र येऊ शकतो, कारण शरीराची गरज कमी होते. वाटी थोडी लहान करा.

“बोक्याचं केलं की झालं, ते स्वस्तही पडतं.” बोक्याचं जरूर करा. त्याचं फिरणं, मारामाऱ्या, जिथेतिथे मुतणं कमी होतं, मारामारीतल्या चाव्यांतून पसरणारे आजार टळतात. पण गल्लीतल्या दहा बोक्यांपैकी नऊ जणांचं केलं आणि एक राहिला, तर तो एकटा सगळ्या मांजरींना पुरतो. पैसे मोजकेच असतील तर आधी भाटी.

“त्यापेक्षा पांजरापोळात द्यावीत.” पांजरापोळाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी बांधव चिडून उठले, हिंदू-जैनही त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यातूनच सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. पण त्यानंतरही कुत्री मारणं कित्येक दशकं चालूच राहिलं, आणि कुत्री काही कमी झाली नाहीत. शेवटी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण हाच मार्ग धरावा लागला. त्याचे देशभरासाठी नियम २००१ मध्ये झाले, २०२३ मध्ये नवे आले. नव्या नियमांचा भर कुत्र्यांवर आहे, पण पाळीव जनावराचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुंबई महापालिकेने तर काही वर्षांपूर्वी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने भटक्या मांजरांचीही नसबंदी सुरू केली. आणि एक सांगू? लहान पिल्लांना गर्दीच्या आसऱ्यात ठेवणं म्हणजे साथीला बोलावणं. मांजरांचा एक विषाणू असा आहे की लस न घेतलेल्या पिल्लांची खोलीच्या खोली रिकामी होते. आसरा हवाच, पण आजारी आणि अपंग जीवांसाठी. दर सहा महिन्यांनी जन्मणाऱ्या निरोगी पिल्लांना तो कधीच पुरणार नाही.

करायचं कसं?

आपण सगळे याला नसबंदी म्हणतो, पण मांजरीत नस बांधत नाहीत. अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात, म्हणून हे पोटाचं ऑपरेशन आहे. बोक्याचं सोपं, वरवरचं. वय साधारण पाच-सहा महिने झालं की डॉक्टरांना दाखवा. पिल्लं झालेली असतील तर ती अंगावरून सुटेपर्यंत, म्हणजे आठेक आठवडे थांबा, पण त्या काळात तिला बाहेर सोडू नका.

आपले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी आहेत. तिथे चौकशी जरूर करा, पण मांजराच्या ऑपरेशनाची सोय सगळीकडे नसते. पेण, अलिबाग, पनवेलकडे खासगी डॉक्टर आहेत. अवघड केस असेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. डॉक्टर निवडताना तीन गोष्टी विचारा : भूल कोणती देणार, वेदनेचं औषध किती दिवस देणार, आणि रात्री काही झालं तर फोन उचलणार का. उत्तर द्यायला कंटाळणाऱ्या डॉक्टरकडे मी तरी मांजर नेणार नाही.

आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, ते तंतोतंत पाळा. नेताना गोणी किंवा पिशवी नको, झाकणाची टोपली किंवा पिंजरा, वर जुनी चादर. परत आणल्यावर एका खोलीत, जमिनीवर अंथरूण करून ठेवा, उंचावर उड्या मारू देऊ नका. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात, ती तिला आवडत नाही, दया येऊन काढू नका. आठ-दहा दिवस हे चालतं. आणि एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा : आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही, अगदी पाव तुकडासुद्धा द्यायची नाही. तिच्यासाठी ते विष आहे.

भटक्या मांजरीचं करत असाल तर डॉक्टरांना डाव्या कानाचं टोक किंचित छाटायला सांगा. भुलेतच होतं. त्यामुळे हिचं झालेलं आहे हे लांबून कळतं आणि तिला पुन्हा पकडून पोट उघडण्याचा प्रसंग येत नाही. आणि बरी झाली की तिला तिच्याच जागी सोडा. ती जागा तिची असते. तिला हलवलं तर रिकाम्या जागी दुसरी, ऑपरेशन न झालेली येते.

पैशाचं काय?

खरी अडचण इथेच आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या मांजरीचा सगळा खर्च, गाडीभाडं धरून, एका जवळच्या लग्नाच्या आहेराइतका आला. एका घराला तो जड वाटू शकतो, आणि मग “आमची थोडीच आहे ती” हे वाक्य ठरलेलं. पण मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपणच म्हणतो ना? मग सात घरांनी सातवा-सातवा हिस्सा काढला तर? जिची वाटी ती मालकीण, एवढा साधा नियम ठेवू. मी दूध घालते, पलीकडची मावशी मासळी घालते, हॉटेलवाला उरलेलं घालतो. तिघंही मालक. खाणं वेगवेगळं असलं तरी ऑपरेशनाला एकत्र यायला आमच्या गल्लीत तरी कोणाचा धर्म आडवा आला नाही.

दुसरी सूचना आपल्या संघांसाठी. पर्युषणात जीवदयेचा फंड होतो. लोक मोकळ्या हाताने देतात. कसायाकडून बकरे सोडवतो, गोशाळेला चारा देतो, पाखरांना दाणे घालतो. चांगलंच आहे. त्यातला थोडा भाग दरवर्षी गल्लीतल्या दहा-बारा भाट्यांच्या ऑपरेशनाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. थंडीत, संक्रांतीच्या आधी करावं, म्हणजे होळीची वीण टळेल. एक गाडी, दोन-तीन पिंजरे, आठ दिवस एखाद्याची रिकामी खोली, एवढंच लागतं. जीवदयेचं द्रव्य यासाठी वापरावं की नाही, हे आपापल्या महाराजसाहेबांना विचारावं. सगळ्यांचं उत्तर सारखं येणार नाही. पण विचारताना अर्धाच प्रश्न विचारू नका. “मांजरीचं ऑपरेशन करू का?” एवढंच विचारलं तर “नको” येईल. “दर सहा महिन्यांनी चार पिल्लं जन्मतात, त्यातली बहुतेक गाडीखाली, कुत्र्याच्या तोंडी नाहीतर भुकेने मरतात, आता मी काय करू?” असं पूर्ण विचारा. वहीसुद्धा दाखवा.

बकरा सोडवला की फोटो निघतो, टाळ्या पडतात, एक जीव वाचलेला डोळ्यांना दिसतो. ऑपरेशन केलेल्या मांजरीकडे बघून किती जीवांचे हाल टळले ते कधीच दिसणार नाही. त्याची टीप लिहायला रकानाही नाही. आपल्या धर्मात नाहीतरी पुण्य दाखवायचं नसतंच, तेव्हा हे काम आपल्याला जमायला हरकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या ओसरीवर वाटी कोणाची आहे ते बघा, आणि पुढची वीण होण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

जय जिनेंद्र.